भरतीची धाव आणि दुखावलेले पाय

अमरावती-अकोल्याकडील रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात शेतकऱ्यांची व शेतमजुरांची मुले धावताना दिसतात. हा क्रीडेचा छंद नव्हे; ही उपजीविकेची धडपड आहे. पोलीस शिपाई भरतीच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत पुरुषांच्या 1600 मीटर धावण्यास 20 गुण आहेत. कोरडवाहू कपाशीच्या प्रदेशात या गुणांचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको.

या धावेत दुखावणाऱ्या पायांचा विचार मात्र अभावानेच होतो. जाहिरात निघताच एरवी न धावणारा तरुण एकदम रोज पाच-सहा किलोमीटर धावू लागतो. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे बळकट होण्यास अधिक अवधी लागतो. परिणामी नडगीच्या हाडाला बारीक भेग जाते. एकाच जागी बोट टेकताच कळ येणे, विश्रांतीतही ठणका राहणे ही तिची लक्षणे होत. पहिले दोन-तीन आठवडे ती क्ष-किरण चित्रात बहुधा दिसतही नाही. म्हणून ‘काही झालेले नाही’ असे मानून धावत राहणे घातक ठरते. मुरगळलेला घोटा गरम तेलाने चोळण्याची रीतही अशीच अपायकारक आहे. पहिले दोन दिवस चोळणे व शेकणे टाळावे, पट्टी बांधून पाय उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.

उन्हाचा धोका तर प्राणांतिक आहे. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना काही उमेदवार दगावले, तेव्हा ते अंतर 3 किलोमीटरवर आणले गेले. उन्हात कोसळलेल्यास आधी भरपूर पाण्याने गार करावे, मग रुग्णालयात न्यावे, एवढे तरी प्रत्येक मैदानावर ठाऊक असले पाहिजे.

तथापि केवळ उपदेश पुरेसा नाही. गरिबाच्या मुलाचे शरीर हेच त्याचे भांडवल, आणि वयोमर्यादा त्याच्या मागे लागलेली. सहा आठवड्यांची विश्रांती म्हणजे हुकलेली भरती. म्हणून तो वेदना लपवितो. चाचणीच्या तारखा तीन-चार महिने आधी जाहीर झाल्या आणि महाविद्यालयांची मैदाने पहाटे मार्गदर्शकासह खुली झाली, तर ही हानी पुष्कळशी टळेल.

अमरावतीत 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. त्याच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार जगाला दाखविले. तेथे शरीरशिक्षणाच्या ज्ञानाची वाण नाही. वाण आहे ती हे ज्ञान रस्त्यावर धावणाऱ्या मुलापर्यंत नेण्याच्या इच्छेची.