मुरुमांवरची कॅप्सूल नेमके काय करते?

वयात आलेल्या मुलामुलींच्या तोंडावर मुरुमे उठली की घरोघरी दोन गोष्टी होतात. आधी ‘तोंड नीट धूत नाहीस’ म्हणून बोल लावला जातो. मग शेजारच्या मुलीला गुण आला तीच कॅप्सूल मेडिकलमधून आणली जाते. आठ दिवसांत फरक दिसला नाही की ती बंद! वाचक बंधू-भगिनींनो, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, असे आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो.

मुरुमे हा घाणीचा रोग नव्हे आणि तो एकापासून दुसऱ्याला लागतही नाही. या वयात कातडीखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. केसाच्या मुळाचे छिद्र बुजते. आत साचलेल्या तेलावर कातडीवरचे नेहमीचेच जंतू वाढतात. त्यांच्याशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेथे धावतात. लाली, ठणका, पू हे सारे त्या लढाईतून येते. यालाच दाह म्हणतात. चेहऱ्यावर कायमचे खड्डे पडतात तेही मुख्यतः या दाहामुळे.

अशा वेळी डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात. ते जंतूंची वाढ रोखते, हे खरेच. पण ते दुसरेही काम करते. पांढऱ्या पेशींची धाव ते मंद करते आणि कातडीची वीण तोडणाऱ्या द्रव्यांना आवर घालते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत रुग्णांना फक्त 20 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सहा महिने दिली गेली. इतक्या कमी मात्रेने कातडीवरचे जंतू घटले नाहीत, तरी मुरुमे कमी झाली. म्हणजे गुण आला तो दाह शमल्यामुळे.

यावरून घरच्या घरी अर्धी गोळी घेण्याचा धडा मात्र कोणी घेऊ नये. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. दाह शमायला वेळ लागतो. गुण दिसायला सहा-आठ आठवडे जातात. म्हणून आठ दिवसांत औषध सोडू नये. तसेच साधारण तीन महिन्यांपलीकडे स्वतःच्या मनाने चालूही ठेवू नये. नुसत्या गोळीवर विसंबून जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइडसारखे लावायचे औषध देतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोपासून बचावासाठी देतात तेही डॉक्सिसायक्लिनच. इतके कामाचे औषध उगाच वाया घालवू नये.

ही कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या आणि पित्ताची औषधे तिच्याबरोबर घेऊ नयेत. उन्हात काम करणाऱ्यांनी चेहरा झाकावा, कारण कातडी लवकर भाजते. गरोदर स्त्रियांनी हे औषध घेऊ नये. आठ वर्षांखालील मुलांना ते घरच्या घरी कधीही देऊ नये.

गोरे करणारी स्टेरॉइडची मलमे तर मुळीच लावू नयेत. त्यांनी मुरुमे वाढतात. सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो. मुलीला बोल लावण्यापेक्षा खड्डे पडण्याआधी तिला तेथे घेऊन जा, एवढेच आमचे सांगणे.