चकटफूचं बिल कुणाच्या टेबलवर?

आठवतोय २०२५चा मार्च? चार दिवसांत अख्ख्या फ्रेंडलिस्टचे डीपी बदलले होते. साखरपुड्याचे फोटो, ऑफिसची पिकनिक, सोसायटीतला बोका... सगळ्यांचं जपानी ‘घिबली’ कार्टून झालं! लोक इतके तुटून पडले, की ओपनएआयचा बॉस सॅम ऑल्टमन याने ‘आमचे जीपीयू वितळायला लागलेत’ असं सांगत वापरावर मर्यादाच घातली. आपण म्हटलं, काय जोक मारतो राव! आणि पुढचा फोटो टाकला.

वितळण्याचा जोक सोडा, पण चिप तापते हे शंभर टक्के खरं. ती चालवायला वीज लागते, थंड ठेवायला पुन्हा वीज आणि बऱ्याचदा पाणी. आपल्या स्क्रीनवर मात्र सगळं चकटफू! मग याचं बिल भरतंय कोण?

कंपन्यांना विचाराल, तर उत्तर एकदम गोड मिळतं. जून २०२५मध्ये ऑल्टमनने आकडा दिला. चॅटजीपीटीच्या एका सरासरी प्रश्नाला ०.३४ वॅट-अवर वीज आणि चहाच्या चमच्याचा साधारण पंधरावा हिस्सा पाणी. ऑगस्टमध्ये गुगलने जेमिनीचा हिशोब मांडला. एका टेक्स्ट प्रश्नाला साधारण पाच थेंब. बस्स, पाच थेंब? मग टेन्शन कसलं घ्यायचं?

थांबा, जरा कॅल्क्युलेटर काढू या. चॅटजीपीटीला दिवसाला अडीचशे कोटी प्रश्न येतात, हे त्याच वर्षी कंपनीनेच सांगितलंय. ऑल्टमनच्या हिशोबाने एका प्रश्नाला ०.३२ मिलिलिटर धरा. दिवसाचे झाले ८ लाख लिटर. मे महिन्यात आपल्या सोसायटीत १० हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे ८० टँकर. रोज! आणि तेही एकट्या कंपनीचे. गुगलच्या पाच थेंबांत तर मॉडेलला शिकवतानाचा खर्च धरलेलाच नाही. फोटो आणि व्हिडिओंचाही नाही.

आता कुणी म्हणेल, जगाच्या मानाने ८० टँकर म्हणजे किस झाड की पत्ती! मान्य. पण पाणी जगाचं नसतं बॉस, ते कुठल्या तरी गावाचं असतं. अमेरिकेत ओरेगन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी ‘द डॅल्स’ नावाचं छोटंसं शहर आहे. तिथे गुगलची डेटा सेंटर्स आहेत. ती पाणी पितात तरी किती, असं ‘द ओरेगोनियन’ या पेपरने विचारलं. शहराच्या कारभाऱ्यांनी ‘व्यापारी गुपित’ म्हणून हात वर केले, आणि वर पेपरविरुद्धच कोर्टात गेले. वर्षभराच्या भांडणानंतर, डिसेंबर २०२२मध्ये आकडा बाहेर आला. २०२१ साली शहराच्या एकूण पाण्यातला पाव हिश्शाहून जास्त वाटा गुगलचा होता. आणि लक्षात घ्या, २०२१मध्ये चॅटजीपीटी बाजारात यायचं होतं!

हे झालं पाण्याचं. विजेचं बिल तर आपल्या शेजारीच येतंय. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२४मध्ये जगातली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटर्सनी खाल्ली. २०३०पर्यंत हा खप दुपटीहून जास्त होईल, म्हणजे अख्ख्या जपानच्या वापराहून थोडा जास्तच, असा संस्थेचा अंदाज आहे. या वाढीमागे सर्वांत मोठा हात एआयचा. आणि भारतात डेटा सेंटर्सची सर्वांत जास्त गर्दी कुठे? आपल्या मुंबई-नवी मुंबईत.

मुंबईतल्या कोळशावरच्या विजेला रामराम करायची चर्चा होती. २०२३मध्ये तिला मुदतवाढ मिळाली. नोव्हेंबर २०२५मध्ये ‘द गार्डियन’ने शोधबातमी छापली, की यामागे विजेची वाढती मागणी आहे आणि त्या मागणीत डेटा सेंटर्सचा मोठा वाटा आहे. ट्रॉम्बेचं वीजकेंद्र माहुलला लागून आहे. तिथे रिफायनऱ्यांचा धूर आधीपासूनच आहे. म्हणजे बीकेसीच्या एसीत बसून प्रेझेंटेशन बनवायचं आपण, आणि खोकायचं माहुलकरांनी!

पाणी झालं, वीज झाली. बिलातली तिसरी ओळ माणसांची. चॅटबॉट कसा अगदी सभ्य, संस्कारी बोलतो ना? घाण ओळखून बाजूला काढायला त्याला माणसांनी शिकवलंय. जानेवारी २०२३मध्ये ‘टाइम’ने छापलं, की ओपनएआयसाठी हे काम केनियात, नैरोबीमध्ये ‘सामा’ नावाच्या कंपनीकडून करून घेतलं गेलं. तिथल्या कामगारांनी दिवसभर काय वाचायचं? बालकांवरचे लैंगिक अत्याचार, खून, छळ यांची वर्णनं, आणि त्यांवर लेबलं लावायची. हातात पडायचे ताशी १.३२ ते २ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ११० ते १६५ रुपये. आपल्या एका कॅपुचिनोपेक्षा कमी! ‘टाइम’शी बोललेल्या चारही जणांनी सांगितलं, की या कामाने मनावर कायमचे ओरखडे उठले.

एआय वापरूच नका, असला उपदेश इथे मिळणार नाही. डेडलाइन सगळ्यांनाच असते. गंमत म्हणून दहा व्हिडिओ बनवून नऊ डिलीट करायचे, एवढं टाळलं तरी चांगलं. पण आपण एकट्याने थेंब वाचवून माहुलची हवा सुधारणार नाही. त्यासाठी आधी खरा हिशोब मागायला हवा. एका प्रश्नाला किती थेंब, हे सांगणं कंपन्यांच्या फायद्याचं आहे. कुठल्या गावाचं किती पाणी, कुठल्या केंद्राची वीज आणि लेबलं लावणाऱ्यांना पगार किती, हे सांगताना मात्र तोंडं शिवली जातात.

‘सर्वांनी एआय वापरावं’ असा एचआरचा मेल तुम्हालाही आला असेलच. त्याला ‘नोटेड’ एवढाच रिप्लाय टाकू नका. आपला व्हेंडर कोण, त्याचं डेटा सेंटर कुठे आणि ते चालतं कशावर, हे तीन प्रश्न विचारून बघा. एकाने विचारलं तर हसतील. पण अख्ख्या फ्लोअरने विचारलं, तर कुणाला तरी उत्तर शोधायला बसावंच लागेल. दोन कॉफींचं बिल आपण तीनदा तपासतो की नाही? मग हेही एकदा मागू या की!