पंचवीस वॉटचा माज

आपल्याकडे स्पीकर घेताना पहिला प्रश्न असतो, ‘किती वॉटचा?’ दुसरा, ‘बास कसाय?’ तिसरा प्रश्न नसतोच. गाणं कसं ऐकू येतं हे कोणी विचारत नाही. दुकानात गाणं लावलेलंच इतकं मोठ्यांदा असतं, की विचारलं तरी विक्रेत्याला ऐकू जाणार नाही.

माझ्याकडे जी जोडी आहे तिला जेमतेम २५ वॉट सोसतात. उंची ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढी. दोन साध्या लाकडी पेट्या, नाव ‘एलएस ३/५ए’. वयाने माझ्यापेक्षा मोठी आहे, मी बहुधा तिचा तिसरा मालक. १ लाख ४० हजार रुपये मोजून घेतली. हा आकडा ऐकला की लोक आधी गप्प होतात, मग विचारतात, ‘ब्लूटूथ आहे का?’ नाही. ‘मग एवढ्या पैशांत मिळतं काय?’

या प्रश्नावर हसून विषय बदलायचा मला कंटाळा आलाय. म्हणून आज सविस्तर भांडतो.

हे स्पीकर श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी बनलेच नव्हते. १९७०च्या दशकात बीबीसीला एक अडचण होती. बाहेरच्या कार्यक्रमांचं प्रक्षेपण करणाऱ्या व्हॅनमध्ये जागा नसायची, हेडफोनवर आवाजाचा नीट अंदाज यायचा नाही आणि मोठे स्पीकर आत मावायचे नाहीत. तेव्हा त्यांच्या संशोधन विभागातल्या इंजिनिअरांनी सुमारे पाच लिटरची पेटी तयार केली. निकष असा, की माणसाचा आवाज माणसासारखा यायला हवा. बीबीसीची जुनी पद्धतच होती : स्टुडिओत खरा माणूस बोलतोय, शेजारच्या खोलीत त्याचाच आवाज स्पीकरवर येतोय, आणि इंजिनिअर दोन्हीकडे जाऊन ऐकतोय. गिटार बरोबर वाजते की नाही यावर वाद होऊ शकतो. ओळखीच्या माणसाचा आवाज मात्र जरा बिघडला तरी आपल्याला लगेच कळतो. फोनवर आईच्या पहिल्या ‘हॅलो’वरून तिला सर्दी झालीय हे कळतंच की.

त्या पेटीत झगमगाट काही नाही. मोठ्या पडद्याचा शंकू कागदाऐवजी बेक्सट्रीन नावाच्या प्लॅस्टिकचा, कारण कागद दमट हवेत बदलतो आणि प्रत्येक खेपेला सारखा निघत नाही. ट्वीटरभोवती फेल्टच्या पट्ट्या, म्हणजे आवाज पेटीच्या कडांवर आपटून गोंधळ घालत नाही. भिंती मुद्दाम पातळ ठेवलेल्या, १२ मिलिमीटर प्लायवूडच्या, आणि आतून डांबरी थर देऊन त्यांची थरथर मारलेली. मोठा आवाज याला जमत नाही. ८० हर्ट्झच्या खाली तो झपाट्याने ढेपाळतो. हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. काय सोडायचं हे त्यांनी आधी ठरवलं आणि उरलेलं जीव लावून केलं. मी ज्या धंद्यात आहे तिथे दर महिन्याला चार नवी फीचर्स कोंबतात आणि आधीची धड चालत नाहीत. त्यामुळे मला या पेटीचा आदर वाटतो.

आता आपल्या संगीताकडे या. पुरुष गायकाचा सा काळी एकचा धरला, तर तो साधारण १३८ हर्ट्झचा. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९च्या आसपास. फोनचा इवलासा स्पीकर यातलं काहीच धड वाजवू शकत नाही. तरी आपल्याला सूर कळतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू खालच्या गायब पायाचा अंदाज बांधतो. म्हणजे फोनवर आपण अर्धं गाणं अंदाजाने ऐकतो! डग्ग्यावरची घसीट तिथे नुसती ‘टप’ होते. तानपुऱ्याचा डास होतो. ज्या जवारीसाठी कारागीर तासन्‌तास घोडी घासतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवत बसतो, ती त्या डासात मरते.

माझी जोडीही ६९ हर्ट्झ पुरता देत नाही. पण १३८पासून वरचं सगळं जागेवर असतं. दोन तानपुरे दोन वाटतात. तान सुरू होण्याआधी गायकाने घेतलेला श्वास ऐकू येतो. ‘ख्याल बोअर होतो’ म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मित्रांना माझं एवढंच सांगणं आहे, की तुम्ही अजून ख्याल ऐकलेलाच नाही. त्याची झेरॉक्स ऐकलीय.

आणि वॉट म्हणजे आवाज नव्हे, हे एकदाचं डोक्यात घ्या. वॉट दुप्पट केले तर पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दसपट वॉट लागतात. खोक्यावर छापलेल्या ‘२००० वॉट पीएमपीओ’ला तर कुठलंच मान्य प्रमाण नाही, तो आकडा विक्रेत्याच्या मर्जीचा असतो. याच आकड्यांच्या नशेतून आपण मिरवणुकीतल्या भिंतीपर्यंत पोचलो. तिला आपण म्हणतो ‘डॉल्बी’. रे डॉल्बी यांनी १९६५मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला. नको तो आवाज घालवण्यात ज्याने हयात घालवली, त्याचं नाव आपण खिडक्यांच्या काचा हादरवणाऱ्या भिंतीला दिलं. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती किती पाळली जाते हे विसर्जनाच्या मार्गावर राहणाऱ्या कुठल्याही आजोबांना विचारा.

दुसऱ्या टोकाला आमची हौशी जमात आहे. लाखाची केबल लावून ‘काळोख आणखी काळा झाला’ म्हणणारी. त्यांच्याकडे गेलात तर तीन तास यंत्रं ऐकवतात, पण पूर्ण गाणं एकही नाही. त्यांनी हा छंद इतका गूढ करून ठेवलाय, की साधा माणूस दारातूनच परत जातो. केबलच्या पैशात जाड पडदे आणि सतरंजी घ्या, खोलीचा आवाज जास्त सुधारेल.

उरला खरा आक्षेप : हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. यातलं अर्धं मला मान्य आहे. दीड लाख ही लहान रक्कम नाही. पण दर दोन वर्षांनी हप्त्यावर नवा फोन घेणाऱ्याने मला हे ऐकवू नये. माझी जोडी चाळीस वर्षं वाजतेय, आणि स्क्रू काढून दुरुस्त करता येते.

पण आक्षेपाच्या उरलेल्या अर्ध्याला हे उत्तर पुरत नाही. म्हणून आता मुद्द्याचं. हा स्पीकर लोकांच्या पैशातून चालणाऱ्या संस्थेने बनवला. १९७६मध्ये त्याचा अहवाल छापून प्रसिद्ध केला आणि परवाना देऊन वेगवेगळ्या कंपन्यांना तो बनवू दिला. चांगलं ऐकणं तिथे सार्वजनिक काम होतं. जपानमध्ये ‘जॅझ किस्सा’ नावाचे कॅफे निघाले. घरी न परवडणाऱ्या स्पीकरांवर न परवडणाऱ्या रेकॉर्ड्स लोक एका कॉफीच्या किमतीत ऐकायचे. कित्येक ठिकाणी बोलायलाही मनाई असायची.

आपल्याकडे गावोगाव सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, १९६७पासून त्यांचा कायदा आहे. पुस्तक प्रत्येकाला विकत घेणं परवडत नाही म्हणून ते सगळ्यांचं असावं, हे आपल्याला पटतं. मग आवाजाला हा न्याय का नाही? तालुक्याच्या वाचनालयात एक खोली, जाड पडदे, वीस खुर्च्या आणि एक चांगली जोडी. खर्च एका मंडळाच्या एका मिरवणुकीच्या भिंतीहून फार वेगळा नसेल, आणि ती जोडी पुढची तीस-चाळीस वर्षं वाजेल. पुढच्या गणपतीत वर्गणीचं पुस्तक घेऊन कोणी दारात आलं, तर पावती फाडण्याआधी हा हिशोब त्यांच्यासमोर मांडा. मी मांडणार आहे.