खुदा नाही म्हणून धर्म नाही?

मागच्या महिन्यात हेंद्रेपाड्यात आमच्या शेजारच्या घरी जलदान विधी होता. आजी गेल्या. माझ्या अम्मीची त्यांच्याशी ३५ वर्षांची ओळख. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, माणसं हात जोडून बसली होती. बाहेर आल्यावर सोबतचा मित्र, पाच वक्ताचा नमाजी, म्हणाला, "यांचा खुदा नाही, पैगंबर नाही, आसमानी किताब नाही. मग हा मजहब कसला? नुसता फलसफा!" मय्यतीच्या दारात वाद घालायचा नसतो, म्हणून तिथे गप्प बसलो.

खुदाची अट इस्लामच्या आत बरोबरच आहे. तौहीदशिवाय इस्लाम नाही. पण जगातल्या प्रत्येक धर्माला ती अट आपण कोणत्या अधिकाराने घालतो? सूरह काफिरून मुलांनाही पाठ असते. तिच्यात मक्केच्या मूर्तिपूजकांच्या मार्गालाही 'दीन' हाच शब्द आहे. अमान्य दीन, पण दीनच. बाराव्या शतकात शहरस्तानींनी धर्मपंथांवर ग्रंथ लिहिला, त्यात भारतातल्या बौद्धांची दखल घेतली आणि बुद्धाची तुलना हजरत खिज्र यांच्याशी केली. त्या आलिमाला आपल्यापेक्षा दीन कमी कळत होता का?

बुद्धाची शिकवण काय? दुःख आहे, ते तृष्णेतून येतं, ते संपू शकतं, आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहायचं, हे पंचशील. सृष्टीचा कर्ता नाही, कायम टिकणारा आत्मा नाही. शेवटच्या दोन गोष्टी मुसलमान म्हणून मला मान्य होणं शक्य नाही, आणि ते मी लपवत नाही. पण मला पटत नाही म्हणून तो धर्म नाही, हा कुठला न्याय?

काही बौद्ध मित्रही म्हणतात, "आमचा धर्म नाही, धम्म आहे." बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये तसा फरक केलाच आहे: धम्म माणसाने माणसाशी कसं वागावं ते सांगतो, आणि तिथे ईश्वराच्या जागी नीती आहे. तो शब्द त्यांचा, त्यांनी जरूर वापरावा. पण त्याच बाबासाहेबांनी १९५० साली बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर इंग्रजीत लेख लिहिला, तेव्हा मथळ्यात 'रिलिजन' हाच शब्द घातला. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात घोषणा, १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दीक्षा. फलसफाच हवा असता तर २१ वर्षं कशाला थांबले असते? पुस्तकं तर घरातच होती.

आता दुसरं बोलणं, जे आपल्या समाजात जास्त चालतं आणि मला जास्त झोंबतं: "बौद्ध हिंदूंमध्येच मोजले जातात, म्हणून तर त्यांना सवलती मिळाल्या." अहो, हिशेब उलटा आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. १९५६ साली शीख आले. बौद्ध आले १९९० साली. दीक्षेनंतर ३४ वर्षं केंद्राने त्यांना त्या यादीबाहेर ठेवलं, ते धर्म बदलला म्हणूनच! वेगळा धर्म नसता तर ही किंमत कोणी वसूल केली असती?

सरकारचं धोरणही सोयीचं. घटनेच्या कलम २५च्या एका स्पष्टीकरणात बौद्ध हिंदूंबरोबर, १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही तिथेच. पण १९९३च्या अधिसूचनेत आपल्यासारखेच अल्पसंख्याक.

आपले मेहतर, हलालखोर आजही अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. हा अन्याय खरा आहे. त्याचं मूळ १९५०च्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. भांडण त्याच्याशी करा, शेजाऱ्याच्या धर्माशी नको. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. धर्माच्या रकान्यात एवढ्या माणसांनी 'बौद्ध' सांगितलं. त्यावर सही-शिक्का मारायला आपल्याला कोणी बोलावलेलं नाही.

जुम्म्याच्या नमाजनंतर मित्राला हे वाचून दाखवलं. १९५६ ते १९९०चा हिशेब त्याला माहीत नव्हता, तो त्याने मान्य केला. खुदाचा मुद्दा मात्र अजून सोडलेला नाही.