पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही...

परवा वरच्या मजल्यावरची मुलगी पाच पानांची प्रश्नावली घेऊन आली. मानसशास्त्र घेऊन एम.ए. करते आहे. म्हणाली, "आजी, ज्येष्ठांच्या एकाकीपणावर प्रोजेक्ट आहे. तुम्ही आणि शेजारच्या आजी भरून द्याल ना?" पोर गुणी आहे, नाही कशी म्हणणार?

चाळीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकोन. 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. पहिलंच विधान, 'मला अर्थपूर्ण सहवास लाभतो.' आता मराठी घरात असं कोण बोलतं हो? पुढे तर, 'मला एकटे वाटत नाही असे क्वचितच घडते.' तीनदा वाचलं तरी मी सहमत की असहमत हे ठरेना. सहामाहीच्या पेपरात मी असला प्रश्न घातला असता तर हेडसरांनी पेपर तोंडावर परत मारला असता.

पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा!) पुढेच आहे. शेजारच्या आजींना नीट दिसत नाही. त्यामुळे त्यांचा मुलगा वाचून दाखवत होता आणि खुणा करत होता. मी तिथेच चहा पीत बसले होते. 'घरात माझं ऐकून घेणारं माणूस आहे.' आजींनी लेकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आहे की! लिही, पूर्ण सहमत." दुपारी तीन वाजता त्या माझ्याकडे येऊन जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यांच्या त्या खुणेचे पाच गुण झाले, ते कॉम्प्युटरमध्ये जाणार, त्यांची सरासरी निघणार, आणि कुठल्याशा निष्कर्षात आमच्या आजी 'कमी एकाकी' म्हणून नोंदल्या जाणार.

आणि मी तरी काय दिवे लावले? 'मुलांचे फोन नियमित येतात', सहमत. (चिरंजीव हे वाचत असतील तर त्यांनी घाईने फोन करू नये. रविवारीच करावा.)

ही पाच चौकोनांची पद्धत अमेरिकेतल्या रेन्सिस लिकर्टने 1932 साली मांडली. आणि दोनच वर्षांनी, 1934 मध्ये, तिकडच्याच रिचर्ड लापियेर नावाच्या प्राध्यापकाने एक निबंध छापला. तो मानसशास्त्राच्या प्रत्येक विभागात भिंतीवर लावायला हवा असं माझं मत आहे. चिनी लोकांबद्दल अमेरिकेत तेव्हा फार आकस होता. हा गृहस्थ एका तरुण चिनी जोडप्याला घेऊन देशभर हिंडला. हॉटेलं, खाणावळी मिळून 251 ठिकाणी गेला. नकार किती मिळाले? एक! मग सहा महिन्यांनी त्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं, चिनी पाहुणे घ्याल का? उत्तरं आली 128, त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त 'नाही'. कोणी म्हणेल, पत्राला उत्तर देणारा मालक वेगळा आणि दारातला नोकर वेगळा. असेल. पण मग प्रश्नावलीने मोजलं काय? कागदावरचा माणूस. दारातला नव्हे.

आमच्या शेजारच्या आजींचं उलटं आहे इतकंच. कागदावर सुखी आणि दारात...

बरं, चौकोनांवरचे आकडे तरी निष्पाप असावेत? तेही नाहीत. जर्मनीतला एक प्रयोग 1991 साली प्रसिद्ध झाला. नॉर्बर्ट श्वार्त्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचारलं, आयुष्यात किती यशस्वी झालात? काहींना मोजपट्टी दिली 0 ते 10, काहींना उणे 5 ते अधिक 5. दोन्हीकडे घरं अकराच. पहिल्या पट्टीवर खालच्या अर्ध्यात, म्हणजे मधल्या घरापर्यंत, खूण करणारे 34 टक्के, दुसरीवर फक्त 13. कारण उघड आहे. शून्य म्हणजे यश नाही, पण उणे म्हणजे नापास! आणि नापास व्हायला कोण तयार असतं? हे मला विचारा, जन्म गेला त्यात.

हे सगळं त्या मुलीला बोलून दाखवलं तर ती हसली. म्हणाली, "आजी, म्हणून तर सँपल मोठं घेतात, चुका एकमेकींना कापतात." कापतात ना, एकाची चूक वर आणि दुसऱ्याची खाली असेल तर! शंभर आयांनी आपापल्या लेकाची अब्रू राखायला एकाच बाजूला खुणा केल्या तर कापाकापी कसली? बेरजेने ते खोटं उलट पक्कंच होतं. हे शास्त्रवाल्यांनाही ठाऊक आहे. आयझेंकच्या चाचणीत 'तुम्ही कधीच खोटं बोलला नाहीत का' या धर्तीचे प्रश्न मुद्दाम पेरलेले असतात, खोटारडे हेरायला. बी.ए.ला असताना मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. आता वाटतं, लाजेने बोललेलं खोटं आणि लबाडीने बोललेलं खोटं यात त्या प्रश्नांना फरक कसा कळणार?

प्रश्नावली जाळून टाका असं मी म्हणत नाही. दवाखान्यात डॉक्टर नऊ प्रश्नांचा कागद देतात, 'गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी आहे, भूक कशी आहे'. त्याने निदान बोलण्याला तोंड फुटतं. माझा राग आहे तो कागद हातात आला की बोलणं संपलं असं समजण्यावर.

असो. मी त्या मुलीला म्हटलं, गुरुवारी दुपारी तीनला कागद न घेता ये. आली. आजी दोन तास बोलल्या, मध्ये थोडं रडल्याही. पोरगी गप्प बसून ऐकत होती. काल जिन्यात भेटली तर चेहरा पडलेला. मार्गदर्शक बाईंना सगळं सांगितलं म्हणे. त्या म्हणाल्या, "छान, पण हे टेबलात कुठे बसवणार?"

आता ती परत विचारायला आली होती, आजींचा जुना कागद जमेस धरू की नको? मी म्हटलं, नको धरूस. ती म्हणाली, मग एकोणपन्नासच होतात, पन्नास लागतात.