तडजोड की नादारी? आधी कर्ज कोणाचे ते विचारू



कर्ज फिटेनासे झाले की घरात दोन शब्द ऐकू येऊ लागतात. पहिला तडजोडीचा: काही रक्कम देऊन प्रकरण मिटवू. दुसरा हात वर करण्याचा: नाही म्हणजे नाही, करा काय करायचे ते. कायद्याच्या भाषेत या दुसऱ्या वाटेला नादारी किंवा दिवाळखोरी म्हणतात. आपल्या गटांच्या बैठकांमध्ये बाया हाच प्रश्न विचारतात, आणि उत्तर मात्र घरातला पुरुष, पतसंस्थेचा माणूस किंवा गावातला मध्यस्थ देऊन टाकतो. म्हणून या अंकात हा प्रश्न आपणच हाती घ्यायचे ठरवले.

जालना जिल्ह्यात कर्ज ही नवी गोष्ट नाही. कापूस, मोसंबी आणि पावसाचा भरवसा यांवर चालणारे घर एका वाईट वर्षात कर्जात जाते. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ते झाड फळाला यायला किती वर्षे लागतात, हे आपल्याला सांगायला नको. मात्र गेल्या काही वर्षांत कर्जाचे रूप बदलले आहे. पूर्वी कर्ज पुरुष काढायचा. आता सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्या बाईच्याच नावाने कर्ज देतात, कारण बाई हप्ता चुकवत नाही आणि गाव सोडून जात नाही. सातबारा त्याच्या नावावर आणि हप्त्याचे कार्ड तिच्या नावावर, अशी ही वाटणी झाली आहे. मालकी एकाची, देणे दुसरीचे.

तेव्हा तडजोड की नादारी हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे: हे कर्ज नेमके कोणाचे?

समजा, अंबड तालुक्यातल्या एका बाईचा नवरा वारला. मागे दोन एकर कोरडवाहू, सोसायटीचे साठ हजार, सूक्ष्म कर्जाचे चाळीस हजार आणि सावकाराचे पन्नास हजार, शेकडा पाच दराने. दहाव्याच्या आत तिघेही दारात येतात आणि तिला एकच आकडा ऐकू येतो, दीड लाख. पण ही तीन कर्जे तीन जातीची आहेत.

सोसायटीचे कर्ज नवऱ्याचे. ते त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते. बाईने सही केली नसेल, ती जामीन नसेल, तर वारसाने मिळालेल्या मालमत्तेपलीकडे तिच्या स्वतःच्या कमाईवर किंवा स्त्रीधनावर त्याचा हक्क पोचत नाही. सूक्ष्म कर्ज तिच्या नावाचे, पण अशा कर्जासोबत बहुधा विमा कापलेला असतो आणि त्यात नवराही धरलेला असतो. कागद काढून पाहिल्याशिवाय एक पैसाही कबूल करू नये. राहिला सावकार. त्याच्याकडे परवाना आहे का? राज्याचा सावकारी नियमन कायदा २०१४ चा. त्याखाली शेतकऱ्यासाठी ठरवून दिलेला दर तारणी कर्जाला वर्षाला नऊ टक्के आणि विनातारणी कर्जाला बारा टक्के आहे. महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. शिवाय व्याजाची एकूण वसुली मुद्दलाहून जास्त होता येत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराची चौकशी करून ती परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांना आहे.

म्हणजे दीड लाखाच्या त्या आकड्यातले तिचे स्वतःचे देणे किती, हे कागद मांडल्यावरच कळते. तडजोड करायची ती या उरलेल्या देण्याची. दारात आलेल्या माणसाच्या आकड्याची नव्हे.

आता नादारीकडे वळू. हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. दिवाळे निघाले म्हणजे अब्रू गेली. पण कायद्यात नादारी ही शिक्षा नाही, तो एक आसरा आहे. इंग्रजांच्या काळातले दोन कायदे आहेत, मुंबईसारख्या शहरांसाठी १९०९ चा आणि मोफसिलासाठी १९२० चा. १९२० च्या कायद्यात पाचशे रुपये देणे असलेली आणि ते फेडू न शकणारी व्यक्ती जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकते. न्यायालयाने नादार ठरवले की तिची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, ती विकून धनकोंमध्ये वाटली जाते, दरम्यान धनको न्यायालयाच्या परवानगीशिवाय स्वतंत्र दावे लावू शकत नाहीत, आणि शेवटी न्यायालय तिला देण्यातून मोकळे करू शकते.

ऐकायला हे चांगले वाटते. पण बाईच्या बाजूने पाहिले तर त्यात तीन खड्डे आहेत. एक, तारण ठेवलेली वस्तू किंवा जमीन यातून सुटत नाही. तारणदार धनकोचा हक्क शाबूत राहतो. दोन, नादार ठरलेली व्यक्ती मोकळी होईपर्यंत ग्रामपंचायतीची सदस्य राहू शकत नाही. निम्म्या जागा राखीव झाल्यावर मोठ्या कष्टाने बाया तिथवर पोचल्या आहेत. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, मोकळा होतो तो फक्त कर्जदार. त्याचा जामीन आणि सहकर्जदार मोकळे होत नाहीत. नवऱ्याने नादारी घेतली आणि बायकोची जामीन म्हणून सही असेल, तर तो सुटतो, ती अडकते. गटातल्या एकीने नादारी घेतली आणि बाकीच्यांनी एकमेकींची हमी दिलेली असेल, तर तिचा बोजा त्यांच्यावर येतो. नवी साडी, नवा मोबाइल यांवरून बाया एकमेकींच्या घरात डोकावू लागतात ते या हमीमुळेच. कंपनी वसुलीचे काम बायांच्या मैत्रीकडून करून घेते.

२०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिच्यात गरीब कर्जदारासाठी ‘नव्याने सुरुवात’ अशी एक तरतूद आहे. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांपर्यंत, मालमत्ता वीस हजारांपर्यंत, बिनतारणी देणे पस्तीस हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नसलेल्या व्यक्तीला त्यातून देणी माफ होऊ शकतात. पण ही तरतूद कागदावरच आहे. संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. शेतमजूर, शिवणकाम करणारी, भाजी विकणारी यांच्यासाठी तो लागू केलेलाच नाही. आणि उद्या केला, तरी या मर्यादांमध्ये कोण बसणार? वडिलोपार्जित पत्र्याची खोली नावावर आली की बाई अपात्र. दोन कंपन्यांचे कर्ज घेतले की पस्तीस हजारांची मर्यादा ओलांडली.

कंपन्यांसाठी मात्र ही संहिता पूर्ण जोमाने चालते. आपल्या शेजारचीच गोष्ट घ्या. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची व्हिडिओकॉन. धनकोंचे दावे सुमारे पासष्ट हजार कोटींचे, आणि २०२१ मध्ये मंजूर झालेला देकार तीन हजार कोटींहूनही कमी. पुढे २०२२ च्या जानेवारीत अपिलात तो रद्द झाला हे खरे. पण शंभर रुपयांच्या देण्यापोटी पाच रुपये घेऊन मिटवायचे का, हा विचार बँका टेबलावर बसून, वकील लावून करू शकतात, हे त्यातून दिसले. चाळीस हजारांच्या कर्जातल्या बाईसाठी असे टेबल कोणी मांडत नाही.

म्हणून आज तरी आपल्या बहुतेक बायांना खरी वाट तडजोडीचीच आहे. शासनानेही वेळोवेळी तीच वाट दाखवली. २००८ च्या केंद्राच्या योजनेत दोन हेक्टरांवरच्या शेतकऱ्याने ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट होती. २०१७ च्या राज्याच्या योजनेत दीड लाखावरची रक्कम भरली तर दीड लाख शासन देणार होते. ज्याच्याकडे एकरकमी भरायला पैसे आहेत त्यालाच अशी तडजोड परवडते. बाकीचे ती रक्कम भरायला सावकाराकडे जातात, आणि पहिले ज्याच्याकडे जाते ते बाईच्या गळ्यातले असते. जुने कर्ज मिटवायला नवे कर्ज काढले, तर ती तडजोड म्हणता येणार नाही. कर्जाने फक्त घर बदलले.

तडजोडीला बसताना घाबरून बसू नये. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५६ व्या कलमात लिहिले आहे. ६० व्या कलमानुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, मंगळसूत्रासारखा धर्माचाराने अंगावरून न उतरवायचा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल आणि बियाणे यांवर जप्ती येत नाही. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केले. ‘पोलीस घेऊन येतो, भांडी उचलतो’ असे कोणी म्हणाले, तर हे नियम त्याच्यासमोर मोठ्याने वाचावेत.

तडजोड करायची तर ती लेखी हवी. त्यात मुद्दल किती, व्याज किती सोडले, आणि ‘यापुढे काही देणे राहिले नाही’ हे वाक्य हवे. जामीन आणि सहकर्जदारही मोकळे झाले असे स्पष्ट लिहून घ्यावे. कोरे धनादेश आणि सह्या केलेले कागद त्याच दिवशी परत मागावेत. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नसते, म्हणून सही करण्याआधी विचार करावा. नको असेल तर नाही म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. वकिलाची फी ही सबब नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. आणि बोलणी बाईने स्वतः करावीत, सोबत गटातल्या दोघींना घेऊन.

एक इशारा परित्यक्ता मैत्रिणींसाठी. ‘मी नादार झालो, आता पोटगी कुठली देऊ’ असे सांगणारे नवरे भेटतात. १९२० च्या कायद्यात पोटगीच्या हुकमाचे देणे नादारीतून सुटत नाही, आणि २०१६ च्या संहितेतही ते माफीच्या बाहेर ठेवले आहे. पोटगी हे सावकाराचे कर्ज नाही, त्यात तडजोड करून रक्कम सोडू नका.

ऊसतोडीच्या उचलीचेही असेच. कोयता म्हणजे जोडपे, पण उचल घेतो नवरा आणि फेडते दोघांची पाठ. उचलीसाठी कोणाला डांबून राबवले, तर ते वेठबिगारीचे देणे ठरते, आणि १९७६ च्या कायद्याने असे देणे रद्दच होते. तिथे तडजोडीचा प्रश्नच नाही.

आपल्या मागण्या यातूनच निघतात. ‘नव्याने सुरुवात’ ही तरतूद लागू करा, तिच्या मर्यादा आजच्या महागाईप्रमाणे वाढवा, राहते घर अपात्रतेतून काढा, अर्ज तालुक्याच्या न्यायालयात घ्या. एकरकमी तडजोडीत बाईला हप्ते द्या. गटातल्या इतरांवर वसुलीचा बोजा टाकणे बंद करा. हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. १९७५ मध्ये याच राज्याने छोटे शेतकरी, मजूर आणि कारागीर यांची सावकारी कर्जे कायद्याने रद्द केली, गहाण वस्तू परत देवविल्या, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपले कर्जाचे कागद पिशवीत घालून आणावेत. वाचता न येणाऱ्या मैत्रिणीचे कागद दुसरीने वाचावेत. कर्जांचे ढीग वेगळे करावेत: माझे, त्याचे, आणि कायद्याने कोणाचेच नसलेले. तुमच्या गावात काय निघाले ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात ते एकत्र मांडू, आणि तेच घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयावर जाऊ.