ओझरचें आकाश

ओझरचें नांव निघालें कीं द्राक्षें आणि विमानांचा कारखाना एवढ्याच दोन गोष्टी आपणांस आठवतात. आज आम्ही वाचकांस त्या गांवाचें आकाश दाखवूं इच्छितों. ओझर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २० अंशांवर आहे. त्यामुळें तेथें कृत्तिका जवळजवळ माथ्यावर येतात, आणि वैशाखांतल्या रात्रीं दक्षिणेस ‘ओमेगा सेंटॉरी’ हा सुमारें एक कोटी ताऱ्यांचा पुंजही दिसूं शकतो. लंडनकरांच्या नशिबीं तो नाहीं.

दुर्बिणीस कॅमेरा जोडून असे तारकापुंज, तेजोमेघ व दीर्घिका टिपणारे हौशी लोक आतां महाराष्ट्रांत बरेच आहेत. छंद नवा नव्हे. देवयानींतील दीर्घिकेची सर्पिल रचना ज्या छायाचित्रानें प्रथम उघड झाली, तें १८८८ सालीं बांधकामाच्या धंद्यांतील आयझॅक रॉबर्ट्स ह्या गृहस्थानें घेतलें. त्याच सुमारास पुण्यास प्रो. कावसजी नायगांवाला २० इंची दुर्बीण चालवूं लागले, आणि १८९१ सालीं त्यांनीं मृगांतील तेजोमेघाच्या वर्णपटाचे वेध प्रसिद्ध केले. १९१२ सालीं ती वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकनालला गेली, ह्याची हळहळ आम्हांस अजून वाटते.

डोळा प्रकाश सांठवीत नाहीं, कॅमेरा सांठवितो. पण पृथ्वी फिरत असते. म्हणून दुर्बिणीचा एक आंस ध्रुवाकडे रोखून ती यंत्रानें ताऱ्यांमागून फिरवावी लागते. मिनिटा-दोन मिनिटांचीं शंभरएक चित्रें संगणकावर एकावर एक रचलीं, म्हणजे डोळ्यांस कधींच न दिसलेल्या तेजोमेघाच्या पाकळ्या उमटूं लागतात. वडील मंडळी अमावास्येस शुभकार्य टाळतात. ह्या मंडळींचा मुहूर्त नेमका तोच!

निफाडची थंडी येथें कामास येते. कॅमेऱ्यांतील प्रकाश टिपणारा भाग जितका थंड, तितके चित्रांत खोटे ठिपके कमी. तीच थंडी द्राक्षांच्या मात्र मुळावर येते. मग पहांटे बागांतून शेकोट्या पेटतात आणि धूर आकाश झांकतो. त्याबद्दल कुरकुर करण्याचा अधिकार छायाचित्रकारास नाहीं. बागायतदाराचें वर्षाचें पीक पणास लागलेलें असतें.

आम्हांस धास्ती आहे ती दिव्यांची. नैर्ऋत्येस नाशिक शहराचा उजेड, गांवाशेजारीं मुंबई-आग्रा महामार्ग. काळोख वर्षागणिक पातळ होत आहे, आणि पांढुरक्या आकाशांतून दीर्घिका काढतां येत नाहीं. नागपूरकडील पेंच व्याघ्रप्रकल्पास २०२४ सालीं भारतांतील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. तेथें शेजारच्या गांवांतील रस्त्यांवरचे शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड करून बसविण्यांत आले. गांवांत त्यामुळें अंधार झाला नाहीं. उजेड पाहिजे तेथें पडूं लागला.

ओझरच्या घरधन्यांस आमची विनंती एवढीच, कीं गच्चीवरच्या दिव्यांस वरून झांकण घालावें, आणि कार्तिक अमावास्येस रात्रीं आठच्या सुमारास ते तासभर मालवावे. त्या वेळीं देवयानी उत्तरेस उंच असते. अंधार पुरेसा असेल तर तिच्यांतील दीर्घिकेचा पंचवीस लाख वर्षांपूर्वीं निघालेला प्रकाश नुसत्या डोळ्यांसही धुरकट ठिपक्यासारखा दिसेल.